दुसरे मूर्तिभंजन : मराठी ख्रिस्ती आत्मकथने आणि देवावरचा भरवसा

१

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथने वाचताना एक साधा प्रश्न विचारून पाहावा : या पुस्तकात बाप्तिस्मा नेमका कोठे येतो? बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त (१८८८) सारे कथन त्या एका घटनेच्या दिशेने चालते. घरातील व्रतवैकल्ये, मिशनच्या शाळांतील शिक्षण, मनात उठलेल्या शंका, आप्तांचा विरोध या सर्व पायऱ्या चढत आपण १८५४ सालच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचतो आणि तेथे कथेचा कळस होतो. ग्रंथाचे नावच सांगते की रात्र संपली, आता उजाडले. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात मात्र बाप्तिस्मा मध्यावर कोठेतरी येऊन जातो आणि त्यांना जे सांगायचे आहे ते त्यानंतरच सुरू होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४ पासून भागशः प्रकाशित) तर पतीचा बाप्तिस्मा हा वज्राघात आहे आणि स्वतःचा बाप्तिस्मा ही जवळजवळ एक औपचारिकता आहे. निर्णय त्याआधीच होऊन गेलेला आहे.

बाप्तिस्म्याचे हे सरकत जाणारे स्थान केवळ रचनेचा प्रश्न नाही. धर्मांतर म्हणजे नेमके काय, याची समज पन्नास वर्षांत कशी बदलत गेली ते त्यातून दिसते. पहिल्या पिढीच्या लेखी मूर्तिभंजन म्हणजे देव्हाऱ्यातील मूर्तींचा त्याग. तो एका दिवशी, साक्षीदारांसमक्ष करता येत होता. पण ज्यांनी तो केला त्यांपैकी काहींच्या पुढे ध्यानात आले की देव्हारा रिकामा झाला तरी मन रिकामे राहत नाही. दगडाच्या मूर्तीच्या जागी मिशनचा पगार येऊन बसतो, साहेबाची मर्जी येऊन बसते, पंथाचे नाव येऊन बसते; कधी स्वतःची संस्था, कधी स्वतःचा त्यागही. या दुसऱ्या मूर्ती ओळखू येत नाहीत, कारण त्यांना कोणी शेंदूर फासत नाही. त्यांचे भंजन एका दिवसात होत नाही आणि त्याला साक्षीदारही सहसा मिळत नाहीत.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या मूर्तिभंजनाच्या दोन प्रयत्नांचा विचार करावयाचा आहे. एक प्रयत्न रमाबाईंचा, केडगाव येथील 'मुक्ती'चा. दुसरा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा, साताऱ्याच्या 'देवाच्या दरबारा'चा. आणि या दोन्हींकडे पाहताना लक्ष्मीबाईंना आपल्याजवळ बसवून घ्यावयाचे आहे. कारण एकट्या देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाच्या घरात चूल कोण पेटवते, हा प्रश्न त्यांच्याइतका स्वच्छपणे दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

२

'आधुनिक मूर्ती' ही कल्पना अलीकडच्या प्रवचनकारांची वाटते. परंतु ती बरीच जुनी आहे. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लिहिलेल्या मोठ्या धर्मप्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगताना देव या शब्दाची व्याख्याच बदलून टाकली. तुझे हृदय ज्याच्यावर विसंबून असते तोच खरोखर तुझा देव, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. आणि पृथ्वीवरील सर्वांत लोकप्रिय मूर्ती म्हणून त्याने धनाचे नाव घेतले. कॅल्व्हिनने माणसाच्या मनाला मूर्ती घडवणाऱ्या कारखान्याची उपमा दिली. त्याआधी शुभवर्तमानातही संपत्तीसाठी 'मामोन' हा अरामी शब्द ग्रीक मजकुरात भाषांतर न करता तसाच ठेवलेला आहे, जणू ते एखाद्या प्रतिस्पर्धी देवाचे विशेषनाम असावे. मूर्तिपूजा हा असा पाहण्याचा विषय न राहता विसंबण्याचा विषय झाला की ख्रिस्ती माणसाची सुटका संपते. दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून त्याला मोकळे होता येत नाही.

या विसंबण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांच्याकडे क्षणभर पाहिले पाहिजे. 'विश्वास' हा शब्द धर्मोपदेशात रुळला आणि त्याला हळूहळू मतप्रतिपादनाचा वास येऊ लागला : अमुक गोष्ट खरी मानणे म्हणजे विश्वास. पण बोलीत आपण देवावर 'भार' घालतो, 'भिस्त' ठेवतो, 'हवाला' ठेवतो. हवाला हा मुळात पेढीवरचा शब्द. आपले देणे दुसऱ्याच्या नावावर लावणे, तो ते चुकते करील या खात्रीवर निश्चिंत होणे, असा त्याचा व्यवहार आहे. मराठी माणसाने देवाशी असलेल्या आपल्या सर्वांत आतल्या नात्यासाठी सावकारीतला शब्द उचलावा, ही गंमत नव्हे. पैशाचा प्रश्न आणि देवाचा प्रश्न एकाच वहीत लिहिला जातो, ही जाणीव भाषेला आधीपासून होती.

या भाषेजवळ दोन परस्परविरोधी शहाणपणेही आहेत. एकीकडे अयाचित वृत्ती, आकाशवृत्ती हे आदराचे शब्द आहेत : कोणाकडे न मागता, आकाशातून जे पडेल त्यावर राहणे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेने सांगितलेली कथा याच आदराची. दुसरीकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण त्याच वृत्तीची टिंगल करते. देवावर भार घालणे आणि अंग चोरणे यांतली सीमारेषा पुसट आहे, हे लोकांनी ओळखले होते. रमाबाई आणि टिळक दोघेही या दोन्ही शहाणपणांचे वारसदार होते. त्यांची परीक्षा या सीमारेषेवरच व्हावयाची होती.

३

रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न ग्रंथांतून आलेला नव्हता. तो भुकेतून आला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे, देवळांत पुराणे वाचत असे आणि श्रोते जे देतील त्यावर राहत असे. जवळ जे होते ते दानधर्मात, ब्राह्मणभोजनात, देवतांच्या अनुष्ठानांत खर्च झाले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराणे ऐकणारे कमी झाले, देणारे त्याहून कमी झाले. शास्त्रांवाचून दुसरे काही येत नव्हते आणि अंगमेहनतीचे काम करणे प्रतिष्ठेला व धर्माला सोडून होते. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. १८७८ साली ही दोघे कलकत्त्यास पोहोचली, तेथे विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पण या गौरवाच्या पाठीशी ती तीन मरणे होती.

पुढे रमाबाईंनी या अनुभवाचा अर्थ लावला तो असा, की आम्ही ज्यांच्यावर भिस्त ठेवली त्यांनी आमची भूक पाहिली नाही. हा निष्कर्ष सहानुभूतिशून्य आहे, वडिलांच्या श्रद्धेचा त्यात पुरेसा मान राखलेला नाही, असा आक्षेप घेता येईल. पण येथे एक गोष्ट निसटू नये. त्या कथनात रमाबाईंचा रोख केवळ मूर्तींवर नाही. श्रमाला हीन मानणाऱ्या प्रतिष्ठेवरही आहे. देवावर भार घातलेला माणूस हाताने काम का करू शकला नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात कायम राहिला आणि केडगावला त्यांनी त्याचे उत्तर दिले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पहिले मूर्तिभंजन पूर्ण झाले. दुसऱ्याला लगेच सुरुवात झाली, आणि ती ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला त्याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने ती अवश्य वाचावीत. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंच्या स्वतंत्र बुद्धीत अहंकार दिसत होता. रमाबाईंचे म्हणणे असे, की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जू मी मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितवर्गाचे चढवून घेण्यासाठी नव्हे. क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयीही त्यांनी प्रश्न केला : लॅटिनमध्ये असे काय पवित्र आहे जे आमच्या संस्कृतात नाही? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी बिशपांनी घेतलेली हरकतही त्यांना मान्य झाली नाही.

ही पत्रे राष्ट्राभिमानाचा किंवा स्त्रीस्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हणून वाचली जातात, आणि ते वाचन योग्यच आहे. परंतु त्यांच्या तळाशी एक शुद्ध धार्मिक आग्रह आहे : देव आणि माझी सदसद्विवेकबुद्धी यांच्यामध्ये मी दुसऱ्या कोणाला उभे राहू देणार नाही. लॅटिन अक्षर हे येथे मूर्तीच्या जागी आहे. ज्यांनी त्यांना मूर्तिपूजेतून सोडवले असे मानले, त्यांच्याच घरातील मूर्ती त्या दाखवून देत होत्या. पुढे आत्मनिवेदनात त्यांनी स्वतःलाही यातून वगळले नाही. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलेला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाची कबुली तेथे आहे. धर्म हीच मूर्ती होऊ शकते, हे इतक्या थेटपणे सांगणारे आत्मकथन त्यापूर्वी मराठी ख्रिस्ती परंपरेत सहसा आढळत नाही.

४

येथून प्रश्न पैशाकडे वळतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदासदन' सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्यास आले. त्यामागे बॉस्टन येथील अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन होते, आणि येथे रानडे-भांडारकरांसारख्यांचे सल्लागार मंडळ होते. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, ही अट होती. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ओरड झाली, १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. मुलींना रमाबाईंनी मुद्दाम ओढले की मुली आपणहून ओढल्या गेल्या, हा वाद त्या काळी मिटला नाही आणि आजही तो एका वाक्यात मिटवू नये. आपल्या विषयापुरते एवढे पुरे, की प्रतिष्ठित मंडळींचा आधार हा एक खांब होता आणि तो गेला.

याच काळात त्यांच्या वाचनात काही पुस्तके आली : ब्रिस्टल येथील अनाथगृहांचे संस्थापक जॉर्ज म्यूलर यांचे अनुभवकथन, चायना इनलँड मिशनचा इतिहास, जॉन पेटन यांचे चरित्र. म्यूलर यांचा नियम प्रसिद्ध होता : पगार घ्यावयाचा नाही, कर्ज काढावयाचे नाही, माणसापाशी मागावयाचे नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगावयाची. हिंदुस्थानात असे कोणी का नसावे, हा विचार रमाबाईंच्या मनात आला. आकाशवृत्तीच्या पुराणिकाच्या मुलीला हा विचार परका वाटला नसणार. त्यांच्या वडिलांचीही वृत्ती तीच होती, फक्त तिने त्यांना उपाशी मारले होते.

म्हणून 'मुक्ती'कडे म्यूलरच्या अनुकरणापेक्षा वडिलांना दिलेले उत्तर म्हणून पाहणे मला अधिक अर्थपूर्ण वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे कठीण झाले, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर वसाहत उभी राहिली. पुढे १९०० च्या दुष्काळाने तेथील संख्या २००० च्या आसपास नेली. ही भुकेली पोरे 'खाटल्यावरी' काही मिळेल म्हणून वाट पाहत बसली नाहीत. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गुरे पाळली गेली, माग चालले, छापखाना चालला. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुक्तीतील स्त्रियांच्या हातून जुळले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल प्रकाशित झाले ते १९२४ साली. जेथे शास्त्र वाचणाऱ्याला हाताने काम करणे निषिद्ध होते, त्या घरातील मुलीने शास्त्राचे भाषांतर आणि खिळे जुळवणारा हात एकाच छपराखाली आणले.

आता आक्षेप. रमाबाई 'फक्त देवावर' अवलंबून होत्या, हे कितपत खरे? अमेरिकेतील असोसिएशन १८९८ नंतरही पूर्णपणे नाहीसे झाले नव्हते. मुक्तीची वृत्तपत्रके देशोदेशींच्या भाविकांकडे जात. त्यांत गरजांचे, प्रार्थनांचे आणि त्या कशा फळल्या याचे वर्णन असे. म्यूलर यांचे वार्षिक वृत्तान्तही हेच काम करत. न मागता मागण्याची ही एक अत्यंत परिणामकारक, छापखान्यावर उभी असलेली आधुनिक पद्धत होती, असे म्हणणारा अभ्यासक चुकीचे बोलत नाही.

तथापि हा आक्षेप घेताना साधन आणि मूर्ती यांतला फरक सुटतो. एखादी वस्तू मूर्ती केव्हा होते? ती वापरली म्हणून नव्हे. ती हुकूम देऊ लागते तेव्हा. पैसा आला, तो कोठून आला, त्यात टपालखात्याचा वाटा किती, हे प्रश्न दुय्यम आहेत. मूळ प्रश्न असा, की देणाऱ्याच्या इच्छेने देवाच्या इच्छेची जागा घेतली का? या कसोटीवर रमाबाईंचे वर्तन एकसूत्री दिसते. पुण्यातील प्रतिष्ठितांची साथ गेली तरी त्या थांबल्या नाहीत. १९०५ साली मुक्तीत जी धार्मिक जागृती झाली, तिच्यातील मोठमोठ्याने होणारी प्रार्थना आणि भावावेग अनेक मिशनरींना पसंत नव्हता. तरी त्यांनी ती आवरती घेतली नाही. त्यांचे निर्णय बरोबर होते की चूक, हे स्वतंत्रपणे ठरवावे. पण ते निर्णय पैशाने घेतलेले नव्हते.

एक आक्षेप मात्र याने संपत नाही. मुक्तीतील मुलींचे काय? रमाबाई देवावर विसंबून होत्या. त्या मुली रमाबाईंवर विसंबून होत्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला अन्न आणि देव एकाच हातातून मिळतात, तेव्हा तिच्या श्रद्धेतील स्वातंत्र्य कसे मोजावे? त्या मुलींपैकी फारच थोड्यांचा स्वर आपल्यापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचतो. बिशपांचे जू नाकारणाऱ्या बाईंच्या छत्राखाली शेकडो मुलींनी कडक शिस्तीत दिवस काढले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

५

टिळकांची वाट वेगळी होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याची किंमत म्हणून पत्नी व मुलगा काही वर्षे दुरावले. पुढे अहमदनगर हे त्यांचे घर झाले, अमेरिकन मराठी मिशन हे कार्यक्षेत्र. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. म्हणजे बाहेरून पाहता सर्व सुस्थिर होते. मिशनचा बंगला, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचा पगार या चौकटीत त्या काळचे बहुतेक मराठी ख्रिस्ती जीवन बसलेले होते. जातीने टाकलेल्या, जमिनीपासून तुटलेल्या माणसांना या चौकटीने जगवले, हे विसरून चालणार नाही. 'पोटासाठी ख्रिस्ती झाले' असा टोमणा मारणाऱ्यांचे पोट सहसा भरलेले होते.

पण ज्याने जगवले त्याचेच 'मायबाप' होते. परकीय मिशनरींना उद्देशून लिहिलेल्या एका कवितेत टिळकांनी कळसूत्री बाहुल्यांची प्रतिमा योजली आहे. दोरी कोणाच्या हातात आहे हे सांगण्याची वेगळी गरज राहत नाही. त्यांची तक्रार मिशनरींच्या दुष्टपणाची नव्हती. त्यांपैकी कित्येक त्यांचे जिवलग मित्र होते. तक्रार अशी होती, की ख्रिस्त आणि मराठी माणूस यांच्यामध्ये एक संस्था उभी राहिली आहे आणि माणसे तिच्याकडे पाहूनच प्रार्थना करू लागली आहेत.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पन्नाशी ओलांडून गेलेले, प्रकृती फारशी चांगली नाही, संसार पाठीशी. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व त्यात यावेत, अशी ती कल्पना होती. या एका कल्पनेत किती मूर्ती फुटतात ते पाहावे. पगार सुटला, पंथाची चौकट सुटली, आणि ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी स्वतः सर्वस्व दिले होते, तो बाप्तिस्माही प्रवेशाची अट राहिला नाही. 'अरुणोदया'त जो कळस होता, त्याला 'दरबारा'त उंबरठ्याचेही स्थान नव्हते.

टिळकांना ही दिशा ब्रिस्टलहून आली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोहोचलो, असे ते सांगत. आणि त्या पुलावरून नुसता अभंगाचा छंद आला नाही, अयाचित वृत्तीही आली. ज्यांना टिळकांच्या 'अभंगांजली'त केवळ ख्रिस्ती आशयाला चढवलेला वारकरी वेष दिसतो, त्यांनी १९१७ चा राजीनामा त्या अभंगांच्या शेजारी ठेवून वाचावा. अभंगात जी निर्धास्तता आहे ती कवीने आपल्या महिन्याच्या मिळकतीवर लावून पाहिली होती. भक्तिकाव्याची ही कसोटी आज आपण वापरत नाही, कारण ती गैरसोयीची आहे.

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे ती कल्पना संस्था म्हणून टिकली नाही. केडगावची मुक्ती आजही आहे. यावरून एक प्रयत्न सफल आणि दुसरा विफल, असे म्हणता येईल का? संस्थेच्या दृष्टीने येईल. परंतु दुसऱ्या मूर्तिभंजनाच्या दृष्टीने दीर्घायुष्य हा निःशंक पुरावा नव्हे. जे टिकते त्याला इमारती लागतात, विश्वस्त लागतात, जमिनीचे कागद लागतात. आणि मग देवावरच्या भरवशाला त्या कागदांशी रोज नव्याने झुंजावे लागते. दरबाराची मूर्ती झाली नाही, याचे एक कारण ती व्हायला वेळच मिळाला नाही, हेही असेल.

६

आतापर्यंतचे सर्व कथन त्या माणसांचे आहे ज्यांनी निर्णय घेतले. 'स्मृतिचित्रे' हे निर्णयाच्या पलीकडच्या खोलीतून लिहिलेले पुस्तक आहे. टिळक हाती येईल ते देऊन टाकत. लक्ष्मीबाईंना त्यानंतर स्वयंपाक करावयाचा असे. टिळक अनाथ मूल घरी आणत. ते वाढवावयाचे असे लक्ष्मीबाईंना. टिळकांचा देवावरचा भरवसा खरा होता, याविषयी त्यांना क्षणभरही शंका नाही. पण तो भरवसा खरा ठरावा यासाठी पदर खोचून कोण धावले, याचा त्यांनी हिशेब ठेवला आहे, आणि तो हसत हसत मांडला आहे. टिळकांकडे रागाने पाहणे त्यांना जमत नाही. त्यांना संत करणेही जमत नाही. मराठी चरित्रवाङ्मयात पतीच्या थोरवीपुढे पत्नीचे शब्द सहसा मिटतात. येथे ते मिटत नाहीत, म्हणून टिळकांची थोरवी विश्वसनीय वाटते.

याहून महत्त्वाचे म्हणजे लक्ष्मीबाईंनी दुसरे मूर्तिभंजन पहिल्याच्या आधी केले. त्यांच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने विकाराचे रूप घेतले होते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन शुद्ध करण्याच्या त्या वेडाची वर्णने पुस्तकाच्या पहिल्या भागात आहेत. विटाळाचे भय हीच त्या घराची खरी देवता होती. पतीच्या धर्मांतरानंतर त्याच्याजवळ येऊनही लक्ष्मीबाई आपले सोवळे निराळे सांभाळत राहिल्या. मग केव्हातरी त्यांनी स्वतःशीच निकाल लावला : माणसे देवाने केली, जाती माणसाने केल्या. आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्या वेळी कोणी पाद्री जवळ नव्हता, कोणी उपदेश करत नव्हता, बाप्तिस्मा अजून व्हावयाचा होता. तो १९०० साली झाला. तोवर फोडण्यासारखे जे होते ते फुटून गेले होते. 'अरुणोदया'चा क्रम येथे उलटा झाला आहे. आधी जिच्यावर खरी भिस्त होती ती मूर्ती गेली. देव्हारा मग सहज रिकामा झाला.

७

या तीन आयुष्यांकडून एकच नियम काढता येणार नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. 'मी एकट्या देवावर विसंबून आहे' हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या मुखातून तपासता येत नाही. ते दोन ठिकाणी तपासावे लागते. एक, जेथून पैसा येतो तेथे : देणाऱ्याला नकार देता आला का? दुसरे, जेथे पैसा संपतो तेथे : त्या रिकाम्या डब्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला? पहिल्या तपासणीत रमाबाई आणि टिळक दोघेही उतरतात. दुसऱ्या तपासणीत चित्र गुंतागुंतीचे होते. आणि ते तसे आहे हे आपल्याला कळते, कारण एका बाईने ते लिहून ठेवले. मुक्तीतील मुलींपैकी एखादीने असेच सविस्तर लिहिले असते, तर आपले आकलन आणखी एका पायरीने खरे झाले असते.

आजच्या ख्रिस्ती जीवनात या मूर्तींची नावे बदलली आहेत. परदेशी देणगी, चर्चच्या जमिनींचे खटले, भक्तीच्या बदल्यात समृद्धीचे आश्वासन देणारी व्यासपीठे, प्रवचनकाराचे छायाचित्र : यादी प्रत्येकाला करता येईल. पण अशी यादी करणे हे पहिल्या प्रकारचे मूर्तिभंजन आहे. त्यात बोट नेहमी दुसऱ्याकडे असते. आणि हा केवळ ख्रिस्ती समाजाचा प्रश्न नाही. ज्याला देव मानावयाचा नाही त्यालाही आपली भिस्त कशावर आहे, आणि ती जपण्यासाठी आपण कोणाचा हुकूम ऐकतो, हे विचारता येते.

वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी येथे एक काम शिल्लक आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मय आपण दोन दारांनी शिकवतो : एक धर्मप्रसाराचा इतिहास म्हणून, दुसरे भक्तिपरंपरेचा विस्तार म्हणून. 'अरुणोदय' पहिल्या दाराने येते, 'अभंगांजली' दुसऱ्या. या दोन्ही दारांतून रमाबाईंची पत्रे आणि 'स्मृतिचित्रे' पुरती आत येत नाहीत. ती आत्मचरित्र, स्त्रीवाङ्मय अशा वेगळ्या कप्प्यांत जातात. ही चार पुस्तके एकाच टेबलावर ठेवून, बाप्तिस्मा कोठे येतो आणि त्यानंतर किती पाने उरतात एवढे जरी मोजले, तरी धर्मांतराची कथा कोठे संपते याविषयीची आपली समजूत बदलते. उरलेली पाने बहुतेक पैशाची, धान्याची, भांडणांची आणि क्षमेची आहेत. देवावरचा हवाला त्याच पानांवर वठतो, किंवा तेथेच परत येतो.